कणकेचा गोळा आणि सहा नळ्या

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं एक राहिलंच आहे. नातेपुत्याच्या चादरवाल्या व्यापाऱ्याची ती जुनी परदेशी स्टेशन वॅगन आठवते ना? तिच्या इंजिनाचा धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला होता, आणि त्या काळात तसला सुटा भाग मिळायचा नाही. मग त्यानं मुंबईहून शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसल्या सहा वाकड्या नळ्यांचा जुडगा आणला. "ह्या बसवा आप्पा, गाडी वाऱ्यावानी पळंल." होटगी रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजात दोन दिवस खपून तुम्ही त्या बसवल्यात, आणि तिथून आपल्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

मे महिन्यातलं सोलापूर, त्यात त्या नळ्या तापून लालबुंद. शेजारून जाणाऱ्या पायपातलं पेट्रोल उकळायचं, गाडी रस्त्यात बंद पडायची आणि इंजिन गार होईपर्यंत हूं की चूं करायची नाही. पायपाला तुम्ही ओली फडकी गुंडाळून पाहिलीत. दहा मैलांत ती वाळून जायची. त्याहून वाईट म्हणजे मधूनच स्टिअरिंग अडायचं. दोनदा तुम्ही तपासून गाडी परत दिलीत. तिसऱ्या वेळी मोडनिंबच्या वळणावर चाक वळलंच नाही आणि गाडी रस्ता सोडून माणसांसकट शेतात गेली. कुणाला लागलं नाही हे नशीब. व्यापारी आला तो ओरडतच आला. "मानसं मेली असती की आज! तुमचा हात गेला आता. गॅरेज बंद करा, आप्पा."

मी जेवणाचा डबा घेऊन दारात उभी आहे. बी.एस्सी. होऊन घरी बसलेली, बावीस वर्षांची. तुम्ही बॉनेट उघडून नळी आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यामध्ये बोट घालून व्यापाऱ्याला दाखवताय. "बोटभर जागा हाय की! कुटं घासतंय?" मी म्हणाले, "आप्पा, उभ्या गाडीत जागा आहे. इंजिनावर जोर आला की राहते का?" तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसलात. "पुस्तकं घरी ठिव तुजी. हितं हात काळे करून शिकत्यात. डबा ठिव आन् जा."

घरी आले तेव्हा डोळे भरले होते. आई परातीत कणीक मळत होती. तिच्या बोटांचे कणकेत उठणारे ठसे मी बघत राहिले, आणि काय वाटलं कोण जाणे, एक गोळा उचलून तशीच उन्हातून परत गॅरेजात आले. तुम्ही एकदा कणकेकडे बघितलंत, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण तुम्ही गाडीत जाऊन बसलात. मी नळी आणि दांड्याच्या मधे तो गोळा दाबून बसवला. तुम्ही हँडब्रेक घट्ट ओढून, गिअर टाकून, क्लच अर्धा सोडत इंजिनाला जोर दिलात. गाडी जागेवर थरथरली. बंद करून पाहिलं तर कणकेचा पापड झाला होता, आणि मधोमध भोक पडलं होतं. इंजिन ज्यावर टेकतं ते उजवीकडचं रबर मेलेलं होतं. जोर आला की इंजिन त्या बाजूला कलायचं आणि नळी दांड्यावर चढून बसायची. तुम्ही तो पापड उजेडात धरून भोकातून बघितलंत.

मग चार दिवस आपण दोघांनी काम केलं. नवीन रबर बसवलं, पुन्हा कणीक लावून पाहिली. गोळा जसाच्या तसा राहिला. पेट्रोलचा पायप पलीकडच्या बाजूनं नेला. नळ्यांच्या आड तेलाच्या डब्याचे दोन पत्रे लावले, मधे हवा खेळायला फट ठेवून. ती फट ठेवायचं तुम्ही सुचवलंत, हे मी अजून सगळ्यांना सांगते.

भर दुपारी चादरींचे गठ्ठे लादून आपण मोडनिंबला गेलो, व्यापारी पुढे, मी मागे गठ्ठ्यांवर. ते वळण तुम्ही मुद्दाम जोरात घेतलंत. चाक लोण्यासारखं वळलं. गावातल्या हॉटेलासमोर गाडी बंद करून चहा घेतला. बॉनेटवर हात ठेववत नव्हता. तुम्ही चावी फिरवलीत आणि पहिल्याच फटक्यात इंजिन गरजलं! व्यापारी तुमचे हात धरून म्हणाला, "मानलं आप्पा. मी लई बोललो." तुम्ही हात सोडवून घेतलेत. "मला तीनदा गावलं न्हाय. हे माज्या पोरीनं हुडकलं. तिला सांग काय सांगायचं ते." हॉटेलातली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघत होती. तसा आनंद मला आधी डिग्रीच्या कागदानंही दिला नव्हता, पुढे लग्नानंही नाही.

तुम्ही फार खुशीत असलात की मला कन्नडातून 'अव्वा', म्हणजे आई, म्हणायचात. त्या दिवशी म्हणालात, "अव्वा, आता तू चालीव. येती न्हवं?" मी म्हणाले, "येते की." आणि सोलापूरपर्यंत गाडी मी आणली, हॉर्न वाजवत, भरल्या रस्त्यातून. पुढे तेच गॅरेज मी चालवलं, नव्या गाड्या शिकले, पोरींना शिकवलं.

हे पत्र कुठं टाकणार? खणातच राहील. पण एक कबूल करते, आप्पा. त्या दिवसापर्यंत मी गाडी फक्त आपल्या अंगणात, पहिल्या गिअरमध्ये चालवली होती. टॉप गिअर मी जन्मात पहिल्यांदा मोडनिंब सोडल्यावर टाकला, आणि तुम्ही शेजारी डोळे मिटून निवांत बसला होतात.