डव्हटेलचं नवं बिट

सर,

आज लाकडात खाचा पाडायच्या राऊटर मशीनचं बिट, म्हणजे त्याचं फिरतं पातं, बदलायला झालं, म्हणून तुमची आठवण आली. एरवी रोज येते असं नाही. तुमचा चेहरा मला आता नीट उभा करता येत नाही. आवाज मात्र येतो, नांदगावकडचा, सावकाश, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा.

नव्वदच्या दशकात आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. घरी मखमलाबादला झेंडूचा मळा. फुलांच्या पाट्या बाजारात उतरवून मी वर्गात यायचे ती झेंडूचा वास घेऊनच. तुम्ही त्याबद्दल कधी काही बोलला नाहीत, मुलगी असण्याबद्दलही नाही. पहिल्या वर्षी नुसती करवत आणि पटाशी. ड्रॉवरच्या कोपऱ्यात दोन फळ्या खिळा न मारता एकमेकींत अडकवायच्या, पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात पाडून. हाच डव्हटेल. माझा पहिला डव्हटेल तुम्ही उलटासुलटा करून पाहिलात आणि म्हणालात, "लय घाई करती तू. सरपणात टाक हा." मी टाकला. दुसऱ्या वर्षी वर्गात राऊटर आला आणि त्याच्याबरोबर दात पाडायची धातूची फणी. तुम्ही मशीन हातात घेऊन उभे आहात, आम्ही भोवती. "हे बिट खाली रुंद, वर अरुंद. एकदा लाकडात शिरलं की आडवंच बाहेर काढायचं. मधेच वर उचललं तर लाकूड जाईल आणि बिटही जाईल." एवढं सांगून तुम्ही मशीन पहिल्यांदा माझ्या हातात दिलंत. का, ते सांगितलं नाहीत.

पुढे मी अंबडला भाड्याच्या शेडमध्ये ड्रॉवर आणि किचनच्या ट्रॉल्या करायला लागले. दोन हजार सालानंतर केव्हातरी तुम्ही निवृत्त झालात आणि एका सकाळी शेडच्या दारात येऊन उभे राहिलात. "घरी बसवत नाही. काही काम असलं तर दे." डव्हटेलचं सगळं काम मी तुमच्याकडे दिलं. तुम्ही ते चांगलं करत होतात. मग कधीतरी तुमच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला. माझ्या ते लक्षात आलं, पण सांगायचं कसं हे कळेना, म्हणून मी तुमच्या जवळपास काम काढून उभी राहू लागले.

तरी झालं ते माझी पाठ वळलेली असतानाच. राऊटरचा आवाज एकदम चढला, काहीतरी पत्र्यावर आपटलं आणि मशीन बंद झालं. तुम्ही ते मधेच उचललं होतं. बिटाचा तुकडा उडाला होता आणि फणीच्या एका दाताला खाच पडली होती. तुम्ही दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिलेत. बोटं शाबूत होती.

मी म्हणाले, "सर, उद्यापासून मशीनवर नको."

"हो," तुम्ही म्हणालात. चष्मा पुसलात, अंगावरचा भुसा झटकलात. मग म्हणालात, "नवीन बिट कुठलं आणशील?"

"उद्या बाजारात जाऊ. तुम्हीच बघा."

मला वाटलं, निदान एवढं तुमच्याकडे राहील.

रविवार कारंज्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात तुम्ही खिशातून रुमाल काढून त्यातला बिटाचा तुकडा काउंटरवर ठेवलात. दुकानदारानं त्याच्यासारखी दिसणारी बरीच बिटं पुढे मांडली. तुम्ही शांतपणे एकेक बाजूला सारत होतात. आपली फणी चौदा अंशांच्या उतारासाठी केलेली, म्हणून आठ अंशांची बाद. रुंदी जुन्या तुकड्यावरून धरायची नाही, कारण धार लावून लावून तो बारीक झालेला. फणीबरोबर दिलेलं माप धरायचं. दांडा आपल्या मशीनच्या पकडीत बसेल एवढाच. शेवटी दोनच उरली, एक साध्या हायस्पीड स्टीलचं, दुसरं कार्बाइडच्या धारेचं. तुम्ही स्टीलचं उचललंत.

"याला आपल्याला घरी धार लावता येते. सागवानात लोण्यासारखं जातं."

"सर, आपल्याकडं सागवान येतंय कुठं आता? सगळं प्लायवूड. त्यातल्या गोंदानं याची धार टिकायची नाही."

दुकानदार बिल लिहायचं थांबला. तुम्ही ते बिट जागेवर ठेवलंत. "खरं हे," म्हणालात. "मला अजून सागवानच दिसतं. तू तुझ्या मनानं घे."

मी कार्बाइडचं घेतलं. बाहेर आल्यावर स्कूटर सुरू केली तर तुम्ही म्हणालात, "मी जातो इथूनच. फणीचा तो दात आधी कानशीनं घासून घे, मग बिट चढव." मी तसंच केलं. तुम्ही पुन्हा शेडवर आला नाहीत. तुम्हाला मशीनवरून काढल्याचं मला वाईट वाटलं, पण दुसरं काय करता आलं असतं ते आजही सुचत नाही. पुढे वर्गातल्या एकाचा फोन आला तेव्हा मी मनमाडला एका ऑफिसात ड्रॉवर बसवत होते. तुम्हाला जाऊन आठवडा झाला होता. मी काम पुरं करून परतले.

आज त्याच दुकानात कार्बाइडचं बिट मागितलं. निवडायला वेळ लागला नाही. दुकानदार म्हातारा झालाय. म्हणाला, "तुमच्याबरोबर ते सर आले होते ना एकदा? आमच्या आडगावलाच राहायचे, शहराच्या पार त्या टोकाला. रोज पहिली बस धरायचे, इथं उतरून दुसरी. म्हणायचे, अंबडला विद्यार्थिनीची शेड आहे."

सर, तुमचे इतके विद्यार्थी, काहींचे मोठे कारखाने. त्यांना सोडून माझ्याकडे का आलात, याचं उत्तर मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं, की तुम्ही अंबडशेजारी सिडकोत कुठंतरी राहत असाल आणि माझी शेड तुम्हाला जवळ पडत असेल. विचारलं मात्र कधीच नाही.

आडगावला हे पाठवून उपयोग नाही, तिथं आता वाचायला तुम्ही नाही. पण शेड तुम्हाला जवळ नव्हती, हे मला आज कळलं.