तात्यांच्या मोटारीची क्लचप्लेट

शेळगाव, मंगळवार, १५ फेब्रुवारी १९९४. संध्याकाळ.

तात्यांच्या जुन्या मोटारीची क्लचप्लेट पुन्हा जळाली. दिवाळीत मीच बारामतीहून आणून बसवली होती. आज गिअरबॉक्स उतरवला, तर प्लेट काळीठिक्कर. आता दुकानदाराला शिव्या घालायच्या, की माझ्याच हातांना? स्वतःच्या बापाची गाडी धड होत नाही, आणि मी म्हणे गॅरेजवाला! डाव्या खिडकीच्या कडेचा रंगही तळहाताएवढा उडालाय. तो कशानं, तेही कळेना.

"तात्या, क्लचवर पाय ठेवून चालवता का?"

"न्हाय बा," म्हणाले आणि काठी टेकत ओट्यावर जाऊन बसले.

आईच बोलली शेवटी. "मला गाडी लागती, म्हून मी रानात चालत जाती. ह्यांचा पाय आधू, म्हून हे गाडीत. तुमी व्हा म्होरं म्हणलं तरी ऐकत न्हाईत. माझ्या चालीनं गाडी हाकत्यात. मग काय, खिडकीच्या कडेवर हात ठिवून बोलत जातो आमी."

म्हणजे रोज रानापर्यंत क्लच अर्धा दाबूनच! प्लेट जळणार नाही तर काय होईल?

खूप चिडलोय, पण कुणावर? आज आई एकटीच रानात गेली. ती परत येईपर्यंत तात्या वाटेकडं तोंड करून बसले होते. त्यांना काय सांगू, उद्यापासून पुढं निघून जात जा?

सकाळीच बारामतीला जाऊन नवी प्लेट आणतो. तीही जळेल. खिडकीसाठी रंगाचा डबा आणलाय, तो मात्र उघडणार नाही.