तो हात आमचा

अप्पा, गेल्या गुरुवारी मी माझ्या धडधाकट पोरीचा पाय मुरगळला. नुसत्या तोंडानं. खोलीत चार माणसं बसली होती, त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, आणि मी उत्तर दिलं. या नातीला तुम्ही पाहिलं नाही. ती झाली तेव्हा तुम्ही जाऊन काही वर्षं लोटली होती. तरीही हे तुम्हालाच सांगते आहे, कारण सोलापूरच्या आपल्या घरात अशाच एका संध्याकाळी हाच प्रश्न तुम्हाला विचारला गेला होता. तेव्हा तुम्ही काय बोललात ते मला आठवतं. त्यानंतर स्वयंपाकघरात मी काय बोलले तेही आठवतं.

पोरगी इथे आखातातच एका कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे. उंची माझी घेतली आहे, बोलणं कुणाचं ते कळत नाही. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, मध्ये कुठेतरी आमचं भागतं. इथला खेळांचा चॅनल या वर्षी मुलींचे कॉलेजचे सामनेही दाखवायला लागला आहे. जेवताना तिने सांगितलं, “थर्सडेची मॅच टीव्हीवर आहे.” मग ताटाकडे बघत म्हणाली, “बट आय मे नॉट प्ले, आई.” मी पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडून दिलं. दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात सांगून आले. मी तिथली लॅब सांभाळते, अप्पा. नळीवर नाव नसलेला रक्ताचा नमुना मी वॉर्डला परत धाडते, मग कितीही मोठ्या डॉक्टरचा फोन येवो. चुकीला माझ्याकडे जागा नाही, असं सगळे म्हणतात आणि मला ते आवडतं. अशा बाईची मुलगी टीव्हीवर दिसणार, तर ती चारचौघांत दिसावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फिंतासमधल्या आमच्या फ्लॅटवर सगळी जमली. यांची शिफ्ट होती, त्यामुळे घरात मीच. खालच्या मजल्यावरच्या भाभी आणि त्यांचे मिस्टर आले. ती दोघं रायगडकडची, त्यांचं फहाहीलला दुकान आहे. भाभींनी सांदणं आणली होती. हाडांच्या वॉर्डातली आमची सिस्टर नवऱ्याबरोबर आली. मी साबुदाणे वडे तळले होते. पडद्यावर अरबी समालोचक एकेक नाव लांबवून म्हणत होता. हॉल बराचसा रिकामा, त्यामुळे बुटांचा करकर आवाज घरापर्यंत येत होता. कॅमेरा जरा कंटाळला की पुढच्या रांगेतल्या सोफ्यांवर जायचा. तिथे पाहुणे कॉफीचे इवलेसे कप घेऊन बसले होते.

“आपली कुठली गं?” भाभींनी विचारलं.

“येईल,” मी म्हटलं.

पहिलं क्वार्टर संपलं. दुसरं संपलं. जाहिराती आल्या, मी वड्यांचा दुसरा घाणा काढला. तिसऱ्यात भाभींचे मिस्टर म्हणाले, “हुकमाचा पत्ता शेवटाला काढतात, काय ताई?” सगळे हसले. मीही हसले. ती मला केव्हाच दिसली होती, अप्पा. बाकावर, शेवटून दुसरी, अंगात जॅकेट, मांडीवर टॉवेलांचा ढीग. प्रत्येक बास्केटला उठून टाळ्या वाजवत होती. कॅमेरा बाकावरून सरकत गेला तेव्हा ती अख्खी दिसली, आणि मी कुणाला म्हटलं नाही की ही बघा. म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. तो तसाही आलाच. चौथं क्वार्टर संपत आलं तेव्हा सिस्टरने विचारला, आणि तिच्या आवाजात काही खोट नव्हती. “अगं, ती उतरलीच नाही. का गं?”

“पाय मुरगळलाय तिचा,” मी म्हणाले. “म्हणून कोचने बसवलं. नाहीतर खेळणारच होती.”

किती सफाईने आलं ते. लॅबचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. भाभी चुकचुकल्या. सिस्टर लगेच नवऱ्याला म्हणाली, “गाडीतली माझी बॅग आणा, क्रेप बँडेज आहे त्यात. पोरगी येईपर्यंत थांबू या आपण.” मी म्हटलं, अगं राहू दे, उशीर होईल तुम्हाला. ती म्हणाली, “गप गं. तू रक्त बघ, पाय मला बघू दे.”

सामना संपून तासभर झाला तरी सगळे तिच्यासाठी थांबले होते. मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहिले. मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. आई चहा गाळते आहे, बाहेरच्या खोलीत शेजारीपाजारी दाटीवाटीने बसलेत, आपला काळापांढरा टीव्ही स्टुलावर आहे आणि त्यावर आईने विणलेलं झालर लावलेलं कापड आहे. पुण्याला झालेल्या आमच्या आंतरकॉलेज बास्केटबॉल फायनलचं चित्रीकरण त्या दिवशी मुंबईहून दाखवणार होते. तुम्ही कापडदुकानातून लवकर सुटी मागून आला होता. गल्लीत एकेका दारात जाऊन सांगितलं होतं, आमची पोरगी लागणार आहे टीव्हीवर. मी तुम्हाला सांगितलं होतं की मी खेळले नाही, मी राखीव होते. तुम्ही म्हणालात, “गेली होतीस न्हवं संघाबरोबर? मग झालं की.” तुम्हाला राखीव म्हणजे काय ते समजलं नाही, असं मी धरून चालले.

फायनलचा जेमतेम तुकडा दाखवला त्यांनी. त्यात टाइम आउट आला. कॅमेरा मुलींच्या घोळक्यात शिरला, नुसती डोकी आणि वेण्या. मग बाजूने एक हात आत आला. हातात पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. एका खेळाडूने त्याला तळवे पुसले, आणि हात परत गेला. एवढंच. तो टॉवेल तुम्हीच दुकानातून आणून दिला होतात. पुण्याला निघताना माझ्या पिशवीत वरच ठेवला होतात, घामेजल्या हाताला बरा म्हणून.

समोरच्या घरातले काका मोठ्याने म्हणाले, “काय वो, तुमची पोरगी कुठाय? पाणी द्यायला गेलती काय पुण्याला?” खोली हसली. मी दारात उभी होते, मला जमीन फाटावी असं वाटलं. तुम्ही मात्र खुर्चीतून उठून पडद्याशी गेलात. तोवर तिथे दुसरंच काही लागलं होतं, तरी काचेवर बोट ठेवून म्हणालात, “आत्ता टावेल आला न्हाई का हितनं? तो हात आमचा. त्या पोरीचा हात पुसला नसता तर चेंडू निसटला असता तिचा.” मग आत वळून म्हणालात, “चहा आणा, समद्यांना.”

तुम्ही ट्रे न्यायला आत आलात, आणि मी तुमच्यावर ओरडले. मला लाज आणलीत म्हणाले. आई गाळणं धरून तशीच उभी राहिली. तुमचा आवाज चढला नाही. “लाज तुला वाटत असंल, मला न्हाई,” एवढंच म्हणालात. “मी सगळ्यांना बोलवलं ते तुला बघाय. बघितलं.” आणि कपांचा ट्रे घेऊन बाहेर गेलात. त्यानंतर ती गोष्ट तुम्ही कधी काढली नाहीत. तुम्हाला राखीव म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं, हे मला इथे ओट्याशी उभं असताना कळलं.

तेवढ्यात कुलूप वाजलं. ती आत आली, खांद्यावर बॅग, एका हातात बूट. दोन्ही पायांवर नीट, तरातरा. मी आतून बाहेर येईपर्यंत सिस्टर उठलीच होती. “अगं, जोर देऊ नकोस पायावर! आईनं सांगितलं सगळं. कधी मुरगळला?”

पोरगी दारातच थांबली. तिने सिस्टरकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ट्रे धरून उभी. तिला एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते खरं होतं. मी त्याची वाट पाहत होते. तिने बॅग खाली ठेवली आणि डावी टाच हलकेच उचलली.

“काल,” ती म्हणाली. मराठीत. “प्रॅक्टिसला.”

मग ती सोफ्यापर्यंत लंगडत गेली. सिस्टरने पाय मांडीवर घेतला, घोट्याभोवती अंगठा दाबत विचारलं, “इथे दुखतं?” ती म्हणाली, थोडं. “सूज नाही गं फारशी.” त्यावर माझी मुलगी म्हणाली, “आईने बर्फ लावला ना. रात्री, आणि सकाळी पण.”

“आईचं ध्यान असतंच,” भाभी म्हणाल्या, आणि माझ्या हातातून ट्रे घेतला.

पाय बांधून झाला. तिने सांदणं खाल्ली, भाभींच्या मिस्टरांची चेष्टा ऐकून घेतली, सगळे निघाले तेव्हा लंगडतच लिफ्टपर्यंत पोचवायला गेली. मी म्हटलं नाही की तू बस. परत येऊन तिने दार लावलं, बँडेज सोडलं, नीट गुंडाळी केली आणि टेबलावर ठेवली. “सिस्टर आंटीला परत दे. विच फूट सांगितलं होतंस?”

“पाय कुठला ते सांगितलं नव्हतं.”

“ओके. मग चुकलं नाही.” ती आपल्या खोलीकडे निघाली, आणि वळून म्हणाली, “आय वॉज देअर, आई. पूर्ण मॅच.”

मी म्हणाले, “जेवून घे.”

ती रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. रागाला उत्तर देता येतं मला. तिने मला चारचौघांत सांभाळून घेतलं, तुम्ही मला सांभाळून घेतलंत तसंच. फरक एवढाच की तुम्हाला त्यासाठी खोटं बोलावं लागलं नव्हतं. तिला ते मी बोलायला लावलं.

शुक्रवारी सकाळी ती सरावाला गेली. लंगडत नाही, अर्थातच. चॅनलने सामना नेटवर टाकला होता. मी एकटीने लावला, शेवटच्या टाइम आउटपाशी आले. पाच डोकी, मधे कोच हातातल्या फळीवर काहीतरी काढतो आहे. बाजूने एक हात आत येतो, मनगटाला केसांचं काळं रबर. ते तिचंच. कपडे धुताना रोज खिशात सापडतं मला. हातात टॉवेल. मी तिथे थांबवलं. उठून पडद्याशी गेले, काचेवर बोट ठेवलं, आणि मोठ्याने म्हणाले, “तो हात आमचा.” घरात कोणी नव्हतं.

पुढचा सामनाही दाखवणार आहेत. तिने तसं सांगितलेलं नाही, मी चॅनलवर वाचलं. बँडेज अजून माझ्याच पर्समध्ये आहे. काल सिस्टर कॅन्टीनमध्ये भेटली, ते तिच्या हातात देऊन खरं सांगता आलं असतं. तिने विचारलं, पोरीचा पाय कसा आहे? मी म्हणाले, बरा होतोय.

हा कागद मी घरी ठेवणार नाही. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, पण एकेक अक्षर लावून ती वाचेल. लॅबच्या कपाटात टाकीन. लिहायचं तिलाच होतं, अप्पा. तुम्ही उलटून काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.