शतपावलीचा थांबा

२ नोव्हेंबर, रविवार

सलीलच्या आई पुण्याहून इथे आखातात उतरल्या एकदाच्या! तीन महिन्यांसाठी. विमानतळावर पहिलं वाक्य — "एवढी मोठी गाडी? तीन माणसांना?" दुसरं गाडीत बसल्यावर — "रस्त्यावर माणूस कसा तो दिसत नाही गं. संप आहे का?"

सलील हसता हसता स्टिअरिंगवर पडायचा बाकी होता. "सांग, सांग आईला! ट्राम कोणासाठी आणताय ते सांग."

नवरा म्हणून घरभेदी मिळालाय. स्वतः दिवसभर व्हिलांचे नकाशे काढतो — उंच भिंत, आत व्हिला, परत उंच भिंत. आणि मी दोन वर्षं ट्रामच्या आराखड्यावर डोकं फोडतेय. एका घरात दोन्ही धंदे म्हणजे कुंभार नवरा आणि माळीण बायको. पाऊस पडला तरी भांडण, नाही पडला तरी भांडण.

४ नोव्हेंबर

आईंनी खिडक्या तपासल्या. एकही रस्त्याकडे नाही! सलीलने समजावलं — इथल्या नियमात शेजाऱ्याच्या अंगणात नजर जाता कामा नये, म्हणून वरच्या मजल्याच्या खिडक्या उंच, काचा धुरकट. पाहुण्यांच्या बैठकीला, मजलिसला, दारही वेगळं, म्हणजे आलेल्याला घरातलं काही दिसत नाही.

आई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे समोरच्यांकडे कोण आलं, कोण गेलं, काही कळायचं नाही. मग माणसं बोलतात कशावर?"

सलील गाडी धुवायला निघून गेला. फार बरं वाटलं मला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज मीटिंग. महमूद आमचा प्रकल्पप्रमुख. फार गोड माणूस. वाईट बातमी द्यायची असली की आधी खजूर पुढे करतो. आज दोनदा पुढे केले, तेव्हाच समजले मी.

"देविका, तुझा अकरावा थांबा. तुमच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत चालतं कोण? घरातून गाडीत, गाडीतून मॉलमध्ये. जे चालत नाहीत त्यांना थांबा कशाला?"

मी म्हटलं, थांबा नाही म्हणून चालत नाहीत. तो म्हणाला, चालत नाहीत म्हणून थांबा नाही. असं अर्धा तास. शेवटी — "दोन आठवडे कॅमेरा लावू. माणसं दिसली तर थांबा. नाही दिसली तर खलास."

अकरावा थांबा गेला तर बाकीचं सगळं त्याच्याबरोबर जातं. थांब्यामुळे तिथे रस्त्यावरून पादचारी पूल येणार आहे. थांब्याजवळ चार मजली फ्लॅट बांधायची परवानगी मिळणार आहे — आमच्यासारख्यांना परवडतील असे. ह्या सगळ्या आराखड्यात माझा स्वतःचा असा हा एकच थांबा आहे. जागा मी शोधली, दोन कडुनिंबांखालची. तो जायला नको आहे मला!

९ नोव्हेंबर

आईंची शतपावली सुरू. साडेसहाला जेवण (आम्हालाही! पेशंट असल्यासारखं), मग साडी, पांढरे बूट, सलीलचे मोजे, आणि निघाल्या. फूटपाथ आमच्या वळणावर संपतो. पुढे नुसते खडे. मग त्या निंबांच्या मोकळ्या जागेतच फेऱ्या घालतात.

"शंभर पावलं म्हणतात ना आई? तुम्ही हजार घालता."

"तू शंभर तरी घाल. ते कपाटात बूट आहेत खोक्यात, त्यांना पाय लागलेत का कधी?"

दोन वर्षांपूर्वी घेतलेत. चालण्यासाठीच. ट्रामवाल्या बाईने चाललं पाहिजे म्हणून. वेळ कुठे आहे?

१२ नोव्हेंबर

आईंना मैत्रीण मिळाली. सकिनाभाभी, रत्नागिरीच्या. नवरा मुनीर, त्यांचं किराणा दुकान रस्त्याच्या पलीकडे. घर अलीकडे. भाभींना गाडी येत नाही, म्हणून नवऱ्याचा डबा घेऊन रोज टॅक्सीने जातात — रस्ता ओलांडायला टॅक्सी! सिग्नल पार तिकडे लांब, आणि एकटीने जायला भीती वाटते म्हणतात.

आईंचा विश्वास बसेना. "समोर दिसतंय दुकान, आणि टॅक्सी?"

"मग काय उडत जाव मावशी?"

मग आईंनी कोथरूडचा बसथांबा आपण कसा आणला ते सांगायला घेतलं. आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. कोथरूडमध्ये जे जे आहे ते आईंनी आणलंय. बसथांबा, पाण्याची लाइन, भाजीवाला. मी चहा करायला सटकले.

१६ नोव्हेंबर, रविवार

कॅमेरा लागला. जेवताना सांगितलं तर आई भडकल्याच. "आमच्या झाडावर? बायका फिरतात तिथे!"

झाडावर नाही, खांबावर. आणि चेहरे दिसत नाहीत, यंत्र नुसती डोकी मोजतं. डोकी पुरेशी नसली तर माझा थांबा जाणार, हेही बोलून गेले. सलीलने चिडवायचं सोडून माझ्या पानात पोळी वाढली.

"डोकी मोजणार होय," आई म्हणाल्या. "निवडणुकीसारखं." आणि ताक मागितलं.

१९ नोव्हेंबर

घरात आता महिला मंडळ भरतं. फिरून झालं की चहाला सगळ्या आमच्याकडे. आज शेजारच्या सफूराही आल्या, दोन बहिणींना घेऊन. सफूराचं माहेर रुस्ताक गावात. तिकडे सूकला, म्हणजे बाजाराला, अजून चालत जातात, इथे येऊन पाय गेले म्हणाल्या. आईंना अरबी येत नाही, सफूराला मराठी येत नाही, आणि तरी एक तास गुडघेदुखीवर बोलल्या!

मजलिसच्या वेगळ्या दाराचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. सलील मागच्या दाराने पळून गेला.

२५ नोव्हेंबर

परत साडेसहाला जेवण. परत चहा. साखर संपली. आमची लेक सावनी विचारते, "आजी, तू गोल गोल का चालते? व्हेअर आर यू गोइंग?" आई म्हणाल्या, "कुठे नाही गं. जेवण जिरवतेय."

तीन महिने म्हणजे किती मोठे असतात!

४ डिसेंबर, गुरुवार

आकडे आले!! महमूद स्वतः माझ्या टेबलाशी आला, खजूर न घेता. रुवीची बाजारपेठ सोडली तर सगळ्या मार्गावर सर्वांत जास्त पादचारी अकराव्या थांब्यावर! "देविका, ही माणसं एवढी वर्षं होती कुठे?"

मी काय सांगणार? मी तर नाचत होते. येताना मिठाई घेतली. सलीलला म्हटलं, घे, ट्राम कोणासाठी ते सांगते आता! आईंनी अर्धा पेढा घेतला. "छान," एवढंच.

७ डिसेंबर, रविवार

अहवालात लिहायचं होतं, ही माणसं कुठून कुठे जातात. म्हणून चित्रण उघडलं.

एक साडी. पांढरे बूट. चेहरे पुसट, पण चाल ओळखीची — मागे सकिनाभाभी, सफूरा, तिच्या बहिणी, आणि अजून कितीतरी. कॅमेऱ्यासमोरून जातात. निंबाला वळसा घालतात. परत कॅमेऱ्यासमोरून. परत वळसा. आणि यंत्र बिचारं प्रत्येक फेरीला नवी माणसं समजून मोजतंय! ह्या बायका घरातून निघून घरीच येतात. सगळी गर्दी म्हणजे आमच्या सासूबाईंची शतपावली!

आधी इतकं हसू आलं की बाथरूममध्ये जावं लागलं. मग रडू आलं.

८ डिसेंबर

सलीलला सांगितलं. वाटलं, आता वर्षभर चिडवेल. तर म्हणतो, "गप्प बस. ट्राम आली की कोण विचारतंय कोण गोल फिरत होतं?" माझ्या थांब्यासाठी इतका हळवा असेल असं वाटलं नव्हतं.

गप्प बसावं का? पूल झाला तर सकिनाभाभींची टॅक्सी सुटेल. हे काही खोटं नाही. पण आकडा खोटा आहे. त्यावर पूल उभा करायचा? सही माझी असणार आहे. मला जमणार नाही. आईंचा इतका राग येतोय! फिरायला हीच जागा सापडली?

१० डिसेंबर

सांगितलं महमूदला. खजूर मीच पुढे केले.

त्याने आधी खजूर खाल्ला. मग हसायला लागला तो थांबेचना. "जेवल्यावर शंभर पावलं? आमच्याकडे जेवल्यावर झोपतात!" मग म्हणाला, त्याची आई गावी, सहमला, अजून चालत मासळीबाजारात जाते, कोणी गाडीत घातलं तर रागावते. मग हसणं गेलं. "हा आकडा मला वर पाठवता येणार नाही, देविका. जानेवारीत परत मोजू. इन्शाल्ला."

इन्शाल्ला! म्हणजे काय ते मला कळतं. आई डिसेंबरअखेर चालल्यात, भाच्याचं लग्न मध्येच ठरलं म्हणून. जानेवारीत त्या खांबाखाली कोण येणार आहे? मांजरं.

घरी आईंना सगळं सांगितलं, जरा तोडूनच. तुमच्या फेऱ्यांनी माझा आकडा बिघडवला, थांबा गेल्यात जमा आहे. त्या म्हणाल्या, "सांगितलंस ना? बरं झालं." आणि आमटी वाढ म्हणाल्या.

माझी दोन वर्षं पाण्यात, आणि ह्यांना आमटी!

२८ डिसेंबर, रविवार

आईंना सोडून आलो. विमानतळावर सकिनाभाभी आणि सफूरा दोघी हजर. सगळ्या रडल्या. मी नाही रडले, अजून थोडा राग होता. नमस्कार केला तेव्हा कानात म्हणाल्या, "ते बूट वापर गं. खोक्यात ठेवून त्यांचं लोणचं नाही होणार."

शेवटपर्यंत टोमणा!

५ जानेवारी

कॅमेरा परत लागला. मी बघायला गेले नाही. ऑफिसमधून दुसऱ्या रस्त्याने येते.

११ जानेवारी

आठ वाजता जेवलो. पूर्वीसारखे. घर फारच शांत आहे. सलील म्हणाला, चहाला कोणीच नाही का गं? मजलिसचं दार महिन्याभरात उघडलेलं नाही असं वाटतं. दोनच आठवडे झालेत.

२० जानेवारी, मंगळवार

महमूदने बोलावलं. टेबलावर खजूर नव्हते. तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

आकडा पहिल्यापेक्षा बराच कमी. पण पुरेसा आहे! आणि आता कोणी गोल फिरत नाही. बायका घोळक्याने निघतात, सिग्नलपर्यंत चालत जातात, पलीकडे किराणा, औषधं, शाळेचं फाटक, आणि परत. हातात पिशव्या. सकिनाभाभींच्या हातात डबा! "ही माणसं खरंच कुठेतरी जातात," महमूद म्हणाला. "थांबा राहील. पूलही. वर पाठवतो."

मी खुर्चीतच बसून राहिले. कळत नाही. आई तर इथे नाहीत. ह्यांना असं चालायला कोणी सांगितलं?

२२ जानेवारी, गुरुवार

पेढे घेऊन सकिनाभाभींकडे गेले. हसायलाच लागल्या.

"तुमाला नाय माहीत? कॅमेरा लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मावशी आमच्या दारात. माझ्या सुनेच्या थांब्यासाठी डोकी मोजतायत, जेवलात की या सगळ्या. कोथरूडला पण असाच आणला म्हणाल्या. आणि तेव्हाच सांगितलं — देविकाला कळलं की ती खरं सांगणारच, तिच्या पोटात खोटं राहत नाय. मग परत मोजतील, तवा मी असेन-नसेन. तोपर्यंत चालायची सवय लावून घ्या. आणि मी गेल्यावर गोल फिरू नका, कामाला जा चालत."

घरी येऊन पुण्याला फोन लावला. "आई —" एवढंच म्हटलं.

"जेवलीस?" त्या म्हणाल्या. "मग फोन ठेव आणि जा."

खोक्यातले बूट घालून चालायला गेले. चावतात.