नाक टोचणार नाही

४ जानेवारी १९९४, जालना
डाव्या कानाच्या पाळीत तिसरं इंजेक्शन. गाठ १४ मि.मी. होती, आता ९. कारखान्यातल्या व्हर्निअरनं मोजली. डॉ. हसले, "बेअरिंग तपासताय का?"
खाज कमी. मागे नुसती कापून घेतली होती, दुप्पट होऊन परत आली. या वेळी आधी इंजेक्शनं, मग कापणं, मग पुन्हा इंजेक्शनं आणि पाळी दाबून ठेवणारी चिमटी.

११ जानेवारी
लग्न ठरलं. सुधीर, अंबडचा, शाळेत विज्ञान शिकवतो. कान पाहून एवढंच विचारलं, "दुखतं का?"
बरं वाटलं.

२३ जानेवारी
आत्या सुधीरच्या आईंचा निरोप घेऊन आली. लग्नाआधी नाक टोचून घ्या, घरची नथ घालायची आहे.
मी सांगितलं, माझी जखम भरून थांबत नाही, वाढतच राहते. कान टोचल्यावर जे झालं ते नाकाचंही होईल.
"समद्या पोरी टोचून राह्यल्या. तुझंच नाक काय सोन्याचं हाय?"
"सोन्याचं असतं तर टोचलं असतं."
आई हसली नाही. तिला भीती, लग्न मोडेल. मलाही. पण नाक चेहऱ्याच्या मधोमध असतं.

१९ फेब्रुवारी
गाठ कापली, टाकेही निघाले. चिमटीसाठी नायलॉनच्या दोन चकत्या कारखान्यात लेथवर काढल्या. पहिली स्प्रिंग कडक, पाळी पांढरी पडली. मऊ घातली. बराबर.

२७ फेब्रुवारी
आत्यासोबत अंबडला. सोनार तार घेऊन आधीच बसलेला. म्हटलं, टोचणार नाही. त्यावरून मोडायचं तर आजच सांगा.
सुधीर म्हणाला, "आई, नाक तिचं आहे."
त्याच्या आई, काकू, उठल्या. मला स्वयंपाकघरात नेलं, कोपरापर्यंतची बाही वर केली. देवीची लस टोचलेली जागा. चिंचोक्याएवढा चकचकीत, तांबूस उंचवटा.
"हे बी तसलंच हाय का गं? लहानपणी टोचल्तं. लई खाजतंय. मला वाटलं, देवीचाच कोप."
व्हर्निअर पर्समध्ये होतं. काढलं नाही.
बाहेर येऊन त्यांनी सोनाराला चहा दिला आणि वाटेला लावलं. 

१७ मार्च
काकूंना डॉ.कडे नेलं. जुनं आहे, पूर्ण सपाट होईलच असं नाही, खाज थांबेल म्हणाले. पहिलं इंजेक्शन. काकूंनी माझी बोटं घट्ट आवळली.
"तुला बी असंच दुखल्तं?"
"हो."
"मंग कुणाला सांगितलं न्हाईस?"
"नाही."
"मी बी न्हाई."

९ एप्रिल
पाळी सपाट. कडेला किंचित टणक लागतं. टाक्याचं की नवं, कळत नाही. डॉ. म्हणतात, वर्षभर लक्ष ठेवा. चिमटी चालूच.
सुधीर येऊन गेला. काकूंची खाज पुष्कळ कमी, आता झोप लागते. नथीला चाप बसवून आणलाय. टिकतो का बघायला न टोचलेल्या नाकपुडीवर लावून घरभर हिंडतात. काल भाकरी थापताना नथ पिठात पडली.
मऊ स्प्रिंग एक शिल्लक आहे. चापासाठी त्याच्याच हाती दिली.