सुराला कृपा नसते

४ मार्च, मंगळवार
गायकवृंद पुन्हा खाली सरकला! चर्चचा वर्धापनदिन महिन्यावर आला आणि एवढी माणसं मिळून एक सूर धरू शकत नाहीत. मी ओरडतेय— वर, अजून वर! वहिनी पियानोमागून माझ्याकडे बघत होती, जणू मीच काही फोडलंय.

९ मार्च, रविवार
प्रवचन उधळ्या मुलावर. पाळक तरुण आहेत, त्यामुळे कृपेच्या बाबतीत हात फार सैल. पैसा उडवून परतलेल्या धाकट्याकडे बाप धावला, मिठी मारली, मेजवानी दिली! आणि घरी राबणाऱ्या थोरल्या भावाला मत्सरी ठरवून मोकळे. तो बिचारा रोज वेळेवर शेतावर जात होता. त्याला कुणी विचारलं, जेवलास का?

बाहेर पडताना मी म्हटलं, "तालीम न चुकवणाऱ्यांसाठी शुभवर्तमानात काय सोय आहे?"
"बाई, बाप त्याची समजूत काढायलाही बाहेर आला होता."
अभ्यास करून आले होते. बरं आहे.

तारण कृपेनं होतं, मान्य. सूर मेहनतीनं लागतो. देवानं ही दोन खाती वेगळी ठेवली, हे शहाणपणच.

११ मार्च
पियानोसुद्धा उतरलाय. लावणाऱ्याला बोलावलं. म्हणे, "ठणठणीत आहे, बाई." पुन्हा बघ म्हटलं. पुन्हा ठणठणीत! हल्ली कामाची लाज कुणालाच नाही. वहिनीला सांगितलं, झाकण लाव. यापुढे तालीम पियानोशिवाय.

१२ मार्च
रेडिओवर माझी आवडती गायिका. तीही बेसूर! माणूस जन्मतःच बिघडलेला, हा मूळ पापाचा सिद्धांत कॉलेजात असताना पटत नव्हता. आता पटायला लागलाय.

१८ मार्च
दातांचे डॉक्टर. वृंदातला सर्वांत जाड आवाज, त्याहून जाड कातडी. माझा हात वर गेला तसे सगळे वर चढले; हे गृहस्थ जिथल्या तिथे.
"डॉक्टर, वर!"
"मी जागेवरच आहे, बाई. तुम्ही बाकीच्यांना माळ्यावर चढवताय."
सगळे हसले. माझ्या तालमीत!
"मग तुम्ही खाली उतरा आणि घरी जा."
त्यांनी गाण्यांची वही मिटली, चष्मा खिशात घातला आणि खरंच गेले.

घरी येताना वहिनी म्हणाली, "बायको गेल्यापासून त्यांना ही मंगळवारची संध्याकाळ तेवढीच होती, वन्सं." मी म्हटलं, दयेचं खातं पाळकांकडे.

१९ मार्च
झोप उत्तम लागली. मुद्दाम लिहून ठेवते.

२५ मार्च
आज सगळे सुरात! बोट ठेवायला जागा नाही. एक नासका आंबा काढला की पेटी सुधारते, ती अशी. पाळक दारात उभे राहून ऐकत होते. चेहरा मात्र असा, की कुणीतरी त्यांच्या पायावर उभं आहे.

२८ मार्च
फोन बिघडला. डाव्या कानाला लावला की पलीकडची घंटी एका सुरात, उजव्याला लावला की दुसऱ्या. शेजारणीचा फोन मागून पाहिला. तोही बिघडलेला!

३१ मार्च, सोमवार
कानांचे डॉक्टर. बराच वेळ काय काय वाजवून दाखवलं. मग म्हणाले, दोन कान दोन वेगळे सूर ऐकताहेत. डावा उतरलाय, उजवाही त्याच्या मागोमाग निघालाय. वर्षभर तरी झालं असेल.
"कारण?"
"वय."
"औषध?"
ते हसले. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१ एप्रिल
तालीम रद्द केली. वहिनीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही!
"आम्हा सगळ्यांना कळलं होतं, वन्सं. तुमचा हात वर गेला की आम्ही वर जायचो."
"मग एकानं तरी तोंड उघडायचं!"
"उघडलं होतं. त्यांना तुम्ही घरी पाठवलंत."

२ एप्रिल
दातांच्या डॉक्टरांकडे उद्या सकाळची वेळ घेतली. माझा एकही दात दुखत नाही.