कुणाचा डावा?

प्रिय हिदेनोरी,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं लिहायची आपली रीत, ती मी आज वगळतो. बर्फ जेवढं माझ्या दारात आहे तेवढंच तुझ्याही दारात आहे.

तुझं पुस्तक माझ्यासमोर उघडं आहे. रंगीत, गुळगुळीत कागद, चोवीस पानं, वर तुझा फोटो. चौदाव्या पानावर 'मांडी' ऐवजी 'मांडणी' छापलंय, ते तुझ्या लक्षात आलं नसेल. पंधराव्या वर्षी शाळा सोडून चष्म्याच्या फ्रेमांना पॉलिश करायला बसलेल्या माणसाला असल्या गोष्टी दिसतात. तू राजधानीत शिकून आलास आणि आमच्याच कारखान्यात वर ऑफिसात बसलास, तरी दुपारी डबा घेऊन खाली माझ्यापाशी यायचास, हे मी विसरलेलो नाही. खारवलेल्या प्लमचा भाताचा गोळा तू नेहमी माझ्या डब्यातलाच उचलायचास. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं.

पॉलिशच्या फिरत्या चाकासमोर बसून आठ-आठ तास फ्रेम दाबणाऱ्याचं काय होतं ते मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, माझ्या पाठीने मला शिकवलं. नंतर पुस्तकंही वाचली. नगर वाचनालयातलं स्नायूंवरचं जाडजूड पुस्तक मी अकरा वेळा घरी नेलं, शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, "आता तुम्हीच याच्या पाठीला नवं कापड लावा." लावलं. मग सहा वर्षं खपून नऊ हालचाली बसवल्या आणि एका वहीत त्यांची चित्रं काढली. अट एकच, हातातलं काम थांबता कामा नये. पाय स्टुलाखाली, टाचा वर-खाली. बोटांनी फडकं पकडायचं आणि सोडायचं. खांद्याची पाती मागे ओढायची. घरी टीव्हीसमोर बसूनही करता याव्यात अशा. नाव ठेवलं 'करता करता'. आमच्या रांगेतल्या सुगिएबाई म्हणाल्या होत्या, "नावातच कळलं, वेगळा वेळ काढायला नको. माझ्या नवऱ्यालाही सांगा, तो नुसता बघता बघताच आहे." साऱ्या रांगेची चाकं त्या दिवशी हसण्याने हलली.

ती वही तू नेलीस. माझ्याकडे मुळ्याचा कीस घातलेल्या थंड शेवया खाल्ल्यास, दुसऱ्यांदा वाढून घेतल्यास आणि म्हणालास, "तोकुजी, दोन दिवस दे, वरच्यांना दाखवतो." दोन दिवसांची तीन वर्षं झाली. वही आली नाही, पुस्तक आलं. 'करता करता'चं 'आसनस्थ आरोग्यसाधना' झालं आणि प्रस्तावनेत तू लिहिलंस की ही कल्पना तुला राजधानीत शिकत असताना सुचली. मी विचारायला वर आलो तेव्हा तू खुर्चीतून उठलाही नाहीस. "अरे, तुझ्या त्या रेघोट्यांना कोणी विचारलं असतं? आकार मी दिला," असं म्हणालास, आणि शिपायाला माझ्यासाठी चहा सांगितलास. मी प्यायलो नाही. तोही तसाच राहिला असेल.

आता रेघोट्यांबद्दल. सकाळी रेडिओवरचा व्यायाम गावातले सगळे लहानपणापासून करतात. पुढे उभा राहणारा आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणून तो स्वतः उलट्या बाजूने करतो, आपण आरशात बघावं तसं त्याच्या मागोमाग करायचं. माझी चित्रं तशीच होती. चित्रातला माणूस कागदाच्या डावीकडे वळला की बघणाऱ्याने आपल्या डावीकडे वळायचं. मी खाली लिहिलं नाही, कारण इथे पाच वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं. तुला नव्हतं, कारण तू त्या व्यायामाला कधी रांगेत उभाच राहिला नाहीस, खिडकीतून बघायचास. तू चित्रातल्या माणसाचा उजवा हात शोधलास आणि छापलंस, "उजवीकडे वळा".

नवांपैकी आठ हालचाली दोन्ही बाजूंच्या, तिथे काही बिघडलं नाही. सातवी एकाच बाजूची. चाकावर बसणारा दिवसभर उजवीकडे पिळलेला असतो, त्याला डावीकडे सोडवायचं, एवढ्यासाठीच ती आहे. तू तिला उलटी केलीस. पुस्तक हातात पडलं त्याच दिवशी, बाराव्या पानावर, मला ते दिसलं.

आणि मी गप्प बसलो. पंचवीस महिने. तू रोज तीन वाजता खाली येऊन साऱ्यांकडून त्या हालचाली करून घेताना "सात, उजवीकडे" म्हणायचास, तेव्हा मी मान खाली घालून फ्रेम घासायचो आणि आतून सुखावायचो. म्हणायचो, याच्याच तोंडून याचं अज्ञान रोज वदवून घेतोय. ते सुख गोड होतं, खोटं कशाला सांगू?

मग नोव्हेंबरात सुगिएबाई माझ्याकडे आल्या. त्यांना पाठीमागे हात नेऊन ॲप्रनची गाठ मारता येत नव्हती. म्हणाल्या, "पुस्तकात आहे तसंच करते हो, एक दिवस चुकवत नाही. इथे चाकावर करते, घरी मालिका बघताना चाळीस वेळा करते. माझंच शरीर नाठाळ." असं म्हणून हसल्या, आणि हसताना खांदा धरला. हिदेनोरी, तो खांदा तू बिघडवलास आणि मी बिघडू दिला. माझ्या वाट्याचं मी त्यांच्यासमोर कबूल केलं. त्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, कुणाचा डावा ते नीट सांगा आता."

सात आठवड्यांत त्या गाठ मारायला लागल्या. हे पत्र लिहिण्याचं कारण आता सांगतो. त्यांच्याकडून सातवी हालचाल शेजारच्या चाकावर गेली, तिथून पुढच्या, आणि आता बेचाळीसच्या बेचाळीस जणांना ती नीट येते. तू खाली असलास की ते तुझ्या मनासारखी करतात, तू जिना चढलास की मोडून पुन्हा करतात. शुक्रवारी कारखान्याचा स्थापनादिन. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी तुला मानपत्र देणार, आणि त्याआधी तू मंचावरून आम्हाला नऊ हालचाली करून दाखवायला लावणार. तू "सात, उजवीकडे" म्हणशील आणि बेचाळीस माणसं, तोंडातून अवाक्षर न काढता, डावीकडे वळतील. पाहुणे कारण विचारतील, तेव्हा सुगिएबाई उठून सांगणार आहेत, त्यांनी घरी पाठ केलंय. तू "डावीकडे" म्हणालास तर पुस्तकात उजवीकडे का, हे तुलाच सांगावं लागेल, आणि ते वहीचं नाव घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. आयत्या वेळी सर्दी झाली म्हणून घरी राहण्याचा विचार असेल, तर ऐक, तू नसलास तर तुझ्याऐवजी मंचावर उभा राहशील का, असं वरच्या ऑफिसातले मला काल विचारून गेले. मी होकार दिला आहे.

तुझाच, आणि त्या वहीचाही,
तोकुजी